पुन्हा पुन्हा अंगावरून जातंय? गोळीआधी तपासणी मागा

अंगावरून पांढरं जातं, खाली खाज सुटते, कधी वास येतो. मेडिकलमधून एक गोळी आणली, चार दिवस बरं वाटलं. पुढची पाळी झाली आणि पुन्हा तेच. मग दुसरी गोळी, मग शेजारणीनं सांगितलेलं मलम, मग जाहिरातीतली धुवायची बाटली. महिला मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर हे कुणी बोलत नाही. बैठक संपल्यावर चपला घालता घालता एकेक जण बाजूला घेऊन विचारते, "ताई, हे मुळापासून जात का नाही?"

आमचं उत्तर सरळ आहे. बहुतेक वेळा ते जात नाही, कारण ते नेमकं काय आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. अंगावरून जाणं हे आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. ताप आला की तो मलेरियाचा, टायफॉइडचा की डेंग्यूचा हे आपण विचारतो, रक्त तपासतो. इथं मात्र सांगायची लाज, दाखवायची त्याहून जास्त लाज, आणि डॉक्टरांनाही वेळ नाही. बाई नुसतं "पांढरं जातंय" म्हणते, डॉक्टर खुर्चीतून न उठता चिठ्ठी लिहितात.

हे आजचं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ जणींना अंगाखालचा कोणता ना कोणता आजार होता, त्यात निम्मा वाटा जंतुसंसर्गांचा. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ. त्या काळी दवाखाने दूर होते म्हणावं, तर आज वस्तीच्या तोंडावर चार दवाखाने आहेत. तरी तपासणीच्या टेबलावर कधीच न गेलेल्या, पण पाच-सहा वेळा गोळ्या घेतलेल्या बायका आम्हाला प्रत्येक बैठकीत भेटतात.

सगळंच जाणं आजार नव्हे

ज्या वाटेनं पाळी येते आणि बाळ जन्माला येतं, त्या योनीमार्गाला स्वतःचा ओलावा असतो. पाळीच्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला तर तार येणारा होतो. पाळीच्या आधी जरा दाट होतो. गरोदरपणात वाढतो. त्याला घाण वास नसतो, खाज नसते, आग नसते. चड्डीवर वाळल्यावर पिवळसर डाग दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

या ओलाव्यात आपल्या उपयोगाचे जंतू राहतात. दूध विरजणाऱ्या जंतूंच्याच जातकुळीतले ते. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळं त्रासदायक जंतूंना तिथं वाढता येत नाही. म्हणजे योनीमार्ग स्वतःची सफाई स्वतः करतो. हे लक्षात ठेवा, पुढं धुण्याचा विषय येणार आहे.

आणखी एक समज आपल्या घराघरांत आहे. पांढरं गेलं की अंगातली ताकद जाते, हाडं झिजतात, कंबर त्यामुळंच दुखते. तसं होत नाही. हाडातलं काही विरघळून त्या वाटेनं बाहेर पडत नाही. थकवा, चक्कर, कंबरदुखी खरी असते, पण तिची कारणं बहुधा वेगळी असतात: रक्त कमी असणं, पोटभर न खाणं, दिवसभर वाकून काम, डोक्यावरच्या चिंता. त्यासाठी हिमोग्लोबिन तपासा. ताकदीच्या बाटलीवर पैसे घालवू नका.

तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं

पाळी येण्याच्या वयात त्रास देणारं जाणं बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणानं असतं.

पहिलं आणि फार आढळणारं म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, डॉक्टर त्याला बी.व्ही. म्हणतात. यात उपयोगाचे जंतू कमी होतात आणि एरवी थोडे असणारे दुसरे जंतू माजतात. पातळ, राखाडी-पांढरं जातं आणि मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर आणि पाळीनंतर तो वास वाढतो. खाज फारशी नसते.

दुसरी बुरशी, म्हणजे कॅन्डिडा. फाटलेल्या दुधासारखं, दह्याच्या गुठळ्यांसारखं घट्ट जातं. वास नसतो, पण खाज अशी की रात्री झोप लागत नाही. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, लघवी लागली की चरचरते. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, लग्न न झालेल्या मुलींनाही होतो.

तिसरा ट्रायकोमोनास. हा अगदी बारीक परजीवी, संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडं जातो. पिवळं-हिरवट, कधी फेसाळ जातं. खाज, आग आणि वास तिन्ही असू शकतात.

वाचताना वाटेल की लक्षणं इतकी वेगळी आहेत तर घरीच ओळखता येईल. तसं होत नाही. एका बाईला दोन आजार एकदम असू शकतात. लक्षणं नेहमी पुस्तकासारखी नसतात. अर्धवट औषधानं त्यांचं रूप बदलतं. नुसतं ऐकून औषध देणारे डॉक्टरही इथं पुष्कळदा चुकतात. बुरशीची गोळी बी.व्ही.वर काही करत नाही. उलट, बी.व्ही.साठी किंवा सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या जंतुनाशक गोळ्यांनी उपयोगाचे जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मग एक गेलं की दुसरं येतं आणि बाईला वाटतं की जुनंच परत आलं. 'पुन्हा पुन्हा'ची एक मोठी गोष्ट इथंच आहे.

सरकारी दवाखान्यात या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं पाकीट मिळत आलं आहे. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल ही दोन औषधं असतात, एकाच वेळी घ्यायची. म्हणजे तिन्ही कारणांवर एकदम उपाय. जिथं तपासणीची सोय नाही तिथं पहिल्या वेळेला हे वाईट नाही, फुकट आहे, अनेकींना गुणही येतो. पण तेच पाकीट तिसऱ्यांदा हातात पडलं, तर ते घेऊन मुकाट्यानं घरी येऊ नका. तिथंच विचारा, "डॉक्टर, तपासून बघाल का?"

तपासणी म्हणजे काय करतात

आम्ही हे जरा तपशिलानं सांगतो, कारण भीती बहुतेक न पाहिलेल्या गोष्टीची असते.

बाईला टेबलावर पाय दुमडून झोपवतात, अंगावर चादर असते. स्पेक्युलम नावाचं चोचीसारखं साधन योनीमार्गात घालून तो थोडा उघडतात आणि आत बघतात: कातडी लाल आहे का, गर्भाशयाचं तोंड कसं आहे, काय जातंय. दोन-तीन मिनिटांचं काम. अंग ताठ केलं तर दुखतं, तोंडानं सावकाश श्वास सोडला तर फारसं दुखत नाही. ज्या मुलीचे संबंध आलेले नाहीत तिला हे साधन घालत नाहीत. कापसाच्या काडीनं बाहेरूनच नमुना घेता येतो.

मग त्या ओलाव्याचा एक ठिपका रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर लावतात. तिला पीएचची पट्टी म्हणतात. आकडा साडेचारच्या आत असेल तर आंबटपणा शाबूत आहे, म्हणजे त्रास बुरशीचा असू शकतो. साडेचारच्या वर गेला तर बी.व्ही. किंवा ट्रायकोमोनासची शंका. दुसरा ठिपका काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. मासळीचा वास उसळला तर बी.व्ही.कडं बोट जातं. तिसरा ठिपका मिठाच्या पाण्यात कालवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ट्रायकोमोनास असेल तर तो हलताना दिसतो, मात्र नमुना पडून राहिला की तो हलायचा थांबतो आणि मग सापडत नाही. बुरशीचे धागे दिसतात. बी.व्ही.मध्ये पेशींच्या कडा जंतूंनी भरलेल्या दिसतात.

एक पट्टी, एक थेंब आणि एक सूक्ष्मदर्शक. सोनोग्राफीपेक्षा कितीतरी स्वस्त. तरी अंगावरून जातंय म्हटलं की सोनोग्राफी आधी लिहिली जाते आणि ही तपासणी राहून जाते, याचं आम्हाला नवल वाटतं. सोनोग्राफीत यातला एकही जंतू दिसत नाही.

वर्षातून तीन किंवा जास्त वेळा बुरशीचा त्रास झाला, किंवा नेमानं औषध घेऊनही गेला नाही, तर नमुना कल्चरसाठी पाठवायला सांगा. बुरशीच्या काही जातींवर नेहमीची फ्लुकोनॅझोलची गोळी चालत नाही. त्या जातीचं नाव कळल्याशिवाय औषध बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

जाण्याआधी दोन दिवस आतून धुऊ नका, आत ठेवायची गोळी किंवा मलम लावू नका, संबंध टाळा. पाळी चालू असताना जाऊ नका. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत बाई हवी असं सांगणं हा रुग्ण म्हणून आपला हक्क आहे, त्यात उपकार मागण्यासारखं काही नाही. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या. 'पांढरी गोळी घेतली होती' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

परत परत येणाऱ्या आजाराचा उपचार लांबचा असतो

साधी, पहिल्यांदा झालेली बुरशी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमच्या एका गोळीनं किंवा आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्यांनी जाते. पण वर्षात तीन-चारदा होणाऱ्या बुरशीला एक गोळी पुरत नाही. तिच्यासाठी साधारण ठरलेली पद्धत अशी: पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक गोळी, आणि नंतर दर आठवड्याला एक, सहा महिने. हो, सहा महिने. दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून सोडलं की पहिले पाढे पंचावन्न. सहा महिन्यांनी औषध थांबवल्यावरही निम्म्याच्या आसपास बायकांना पुन्हा त्रास होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे हात-पाय गळत नाहीत. हा कोर्स डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचा. गरोदर असाल, तशी शंका असेल तर फ्लुकोनॅझोल नको. तेव्हा आत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी सात रात्री देतात. साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा रक्त पातळ होण्याची वॉरफेरिन चालू असेल तर तेही सांगा, कारण फ्लुकोनॅझोलमुळं त्यांचा जोर वाढतो.

बी.व्ही.साठी मेट्रोनिडॅझोलची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावी. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवणं ही आपल्याकडची रीतच आहे. हा आजार मुळात चिवट, बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत परत होतो. तसं झालं तर सात दिवसांनंतर मेट्रोनिडॅझोलची जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने आत लावायला देतात. तांबी बसवलेल्या बायकांत बी.व्ही. जरा जास्त दिसतो. वारंवार होत असेल तर तांबी ठेवायची की दुसरं साधन वापरायचं हे डॉक्टरांशी बोला, पण घाबरून स्वतः ओढून काढू नका.

ट्रायकोमोनासलाही मेट्रोनिडॅझोलच, बाईला सात दिवस. इथं मात्र नवऱ्याला औषध दिल्याशिवाय उपयोग नाही. त्याला काही त्रास नसला तरीही. दोघांचं औषध पूर्ण होऊन लक्षणं जाईपर्यंत संबंध नको, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी.

बंधूंनी हा भाग वाचावा

आतापर्यंत बी.व्ही.मध्ये नवऱ्याला औषध देत नसत. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्यात काही जोडप्यांमध्ये फक्त बाईला औषध दिलं, काहींमध्ये पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि लिंगाच्या कातडीवर लावायचं क्लिंडामायसिनचं मलम दिलं. बारा आठवड्यांत एकट्या बाईचा उपचार झालेल्या गटात शंभरातल्या ६३ जणींना बी.व्ही. परत झाला, दोघांचा उपचार झालेल्या गटात ३५ जणींना. म्हणजे हे जंतू पुरुषाच्या कातडीवर राहतात आणि बाई बरी झाली की परत तिच्याकडं येतात. बी.व्ही. परत परत होत असेल तर डॉक्टरांना या उपचाराबद्दल विचारा. आणि ते औषध पुरुषानं घ्यायचं म्हणजे घ्यायचं. "मला काय झालंय? तुझं तू बघ" हे वाक्य आम्ही फार ऐकलं आहे. गोळ्यांच्या दिवसांत दारू नको, हेही ओघानं आलंच.

दुसरी गोष्ट संशयाची. बायकोला खाली खाज सुटली किंवा वास आला म्हणजे ती कुठं बाहेर गेली, असा अर्थ काढून घराघरांत भांडणं होतात, हात उचलले जातात. बुरशी आणि बी.व्ही. यावरून कुणाच्याही चालचलणुकीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ट्रायकोमोनास संबंधातून येतो खरा, पण तो अंगात महिनोन् महिने गुपचूप राहतो, पुरुषात तर बहुतेक वेळा कळतच नाही. तो कधी आला, कुणाकडून आला, हे तपासणी सांगत नाही. त्यामुळं आरोपीचा पिंजरा उभा करण्याऐवजी दोघांनी मिळून गोळ्या घ्याव्यात. उपचार चालू असताना निरोध वापरला तर बी.व्ही. परत होण्याची शक्यता कमी होते; फक्त आत लावायच्या तेलकट मलमांनी आणि गोळ्यांनी निरोधाचं रबर कमजोर होतं, त्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नये.

साखर, मलम आणि धुणं

बुरशी सारखी होणाऱ्या बाईची रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. मधुमेह आहे हे कित्येकींना याच खाजेमुळं पहिल्यांदा कळतं. आणि मधुमेह आधीपासून असेल तर चालू गोळ्यांची नावं बघा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणारी औषधं जादाची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषध चांगलं आहे, आता स्वस्तही झालंय, पण त्या साखरेवर बुरशी पोसते. गोळी मनानं बंद करू नका, साखरेच्या डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा. त्यांना हे ठाऊक असतं, फक्त आपण सांगितलेलं नसतं. सोबत एच.आय.व्ही.ची तपासणीही करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आय.सी.टी.सी. केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते.

मेडिकलमध्ये खाजेसाठी म्हणून जी ट्यूब काढून देतात, तिच्यात पुष्कळदा बुरशीचं औषध, जंतुनाशक आणि जोरदार स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइडमुळं खाज तासाभरात थांबते, म्हणून ती ट्यूब आवडते. पण आतून बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते, भेगा पडतात. ट्यूबवर 'क्लोबेटासॉल', 'बीटामेथासोन' किंवा 'मोमेटासोन' असं छापलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती खाली लावायची नाही. एकच ट्यूब सगळ्या घरानं जांघेतल्या गजकर्णाला वापरायची, हे तर आधी थांबवा.

आता धुण्याचं. वास येतो म्हणून बाई धुते. तुरटीचं पाणी, लिंबाचं पाणी, जंतुनाशकाचे थेंब घातलेलं पाणी, साबण, सुगंधी 'इंटिमेट वॉश'. आत बोट घालून धुते, पिचकारी मारते. त्यानं उपयोगाचे जंतू वाहून जातात, आंबटपणा जातो आणि बी.व्ही. परत येतो. मग वास वाढतो आणि ती आणखी धुते. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं दिवसातून एकदा-दोनदा धुणं पुरेसं आहे. आत काही नाही. दही खायला चांगलं आहे, आत लावायला नको. लसूण तर नकोच.

आम्हाला इथं एक गोष्ट खटकते. हा आजार म्हणजे बाई अस्वच्छ, असं दवाखान्यातसुद्धा बोललं जातं. वस्तीचं नाव सांगितलं की मग विचारायलाच नको, "स्वच्छ राहत जा" असा उपदेश चिठ्ठीच्या आधी मिळतो. पाळीला विटाळ म्हणणं आपल्या आया-आज्यांनी घरातून काढून टाकलं. अंगावरून जाण्याला जोडलेली घाणीची कल्पनाही त्याच मुळाची आहे. हे आजार बंगल्यातल्या बायकांनाही होतात, उलट जास्त धुण्यानं वाढतात. सार्वजनिक संडासाच्या भांड्यावरून बुरशी किंवा बी.व्ही. लागत नाही. संडासाला जायला नको म्हणून पाणी न पिणं आणि लघवी तुंबवणं यानं लघवीचा संसर्ग होतो. तो वेगळा आजार, त्याची तपासणी वेगळी. पाळीत कापड वापरलं तरी चालतं, ते धुऊन कडक उन्हात वाळलं पाहिजे. दोरीवर साडीखाली लपवून ठेवलेलं ओलसर कापड नको. आतले कपडे सुती असावेत, दिवसभर घामानं भिजलेली घट्ट लेगिंग असेल तर घरी आल्यावर बदलावी.

पिशवी काढून हा आजार जात नाही

"सारखं जातंय, गर्भाशयाच्या तोंडाला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका." हे ऐकून कर्ज काढलेल्या बायका मराठवाड्यात कमी नाहीत. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. २०१९ साली यासाठी चौकशी समिती नेमावी लागली.

साधी गोष्ट आहे. बुरशी, बी.व्ही. आणि ट्रायकोमोनास हे योनीमार्गात होतात. पिशवी काढली तरी योनीमार्ग तिथंच असतो, आणि आजारही. वय तिशी-पस्तिशीचं असताना पिशवी गेली, सोबत अंडाशयही काढलं, तर हाडांचा आणि हृदयाचा त्रास लवकर मागं लागतो. नुसत्या अंगावरून जाण्यासाठी कुणी ऑपरेशन सांगितलं, तर ते लेखी मागा आणि सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या. अंगावरून जाण्यासाठीचं असं ऑपरेशन एका रात्रीत करायची घाई नसते.

कॅन्सरची भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही, ती तपासून घेण्यासारखी आहे. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते. गर्भाशयाच्या तोंडाला ॲसिटिक आम्ल लावून डागाचा रंग बघतात. त्रास नसला तरी ती करायची.

काही लक्षणांत वाट बघायचीच नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसणं, रक्तमिश्रित कुजकट पाणी जाणं. ओटीपोटात दुखून ताप येणं. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखणं. लहान मुलीच्या अंगावरून जाऊ लागलं तरी तिला गोळी न देता डॉक्टरांकडं न्या. जंत, आत अडकलेली एखादी वस्तू, किंवा कुणी केलेला अत्याचार, काहीही असू शकतं, आणि मुलीशी शांतपणे बोलावं लागतं.

पाळी गेलेल्या आपल्या आई-आत्यांचं वेगळं. त्यांची आग आणि खाज बऱ्याचदा जंतूंमुळं नसते. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झाल्यानं तिथली कातडी कोरडी आणि नाजूक होते. बुरशीची मलमं लावून ती आणखी चरचरते. इस्ट्रोजेनचं थोडंसं मलम आत लावल्यानं काही आठवड्यांत फरक पडतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. खाजेसोबत कातडी पांढरी, कागदासारखी पातळ पडत असेल तर त्वचारोग डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी असलं काय दाखवायचं, म्हणून त्या वर्षानुवर्षं सोसतात. सुनेनं किंवा लेकीनं विचारलं तरच बोलतात.

कुठं जायचं? जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात स्त्रीरोगाची ओपीडी असते. याच आजारांसाठी अनेक ठिकाणी 'सुरक्षा क्लिनिक' आहे, बाहेर तसा फलक असतो. राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे आणि तपासण्यांचे पैसे घेत नाहीत. महापालिकेच्या दवाखान्यांचे आणि मेडिकल कॉलेजांचे नियम वेगळे आहेत. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स नियंत्रण संस्थेचा मोफत क्रमांक आहे, तिथं नाव न सांगता बोलता येतं. आशाताईंना सोबत घेतलं तर ओपीडीत कुठल्या दाराशी उभं राहायचं ते त्यांना माहीत असतं.

तपासून झालं की एवढं विचारा: मला नेमकं काय झालंय, त्याचं नाव केसपेपरवर लिहाल का, औषध किती दिवस, आणि नवऱ्यालाही घ्यायचं का. तो केसपेपर रेशनकार्डाजवळ जपून ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टर बदलले तरी त्यांना मागचं सगळं त्या कागदावर मिळेल.